अराउको प्रांताची चार दिवसांची सहल : कोळसा, रूका आणि घाईत उरकलेले थांबे

चिलीतील कोन्सेप्सिओन शहराहून निघून तिथेच परत आणून सोडणारी ही चार दिवस आणि तीन रात्रींची सहल आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात केली. आम्ही म्हणजे मी आणि माझी पत्नी. नोकरीनिमित्त गेली काही वर्षे आमचा मुक्काम संतियागोत आहे आणि मूळ गाव चंद्रपूर आहे. सहल चालवणारी संस्था अगदी छोटी असून मालक, चालक आणि एक मार्गदर्शक एवढाच तिचा पसारा आहे. तिचे नाव येथे मुद्दामच देत नाही, कारण जे आवडले ते बहुतेक त्या त्या गावच्या माणसांमुळे आवडले, आणि जे खटकले ते अशाच रीतीने सहली विकणाऱ्या इतरांनाही लागू पडेल. खर्च दोघांचा मिळून संतियागोतल्या मध्यम हॉटेलात आठवडाभर राहण्याइतका आला. हा खर्च निम्माच वसूल झाला असे माझे मत आहे.

प्रांताची थोडी ओळख आधी करून देतो. अराउको हा बिओबिओ प्रदेशातील समुद्रकाठचा प्रांत आहे. पश्चिमेला प्रशांत महासागर, पूर्वेला नावेल्बुताची डोंगररांग, आणि मधल्या पट्ट्यात अराउको, कुरानिलावे, लोस आलामोस, लेबू, कान्येते, कोन्तुल्मो व तिरुआ अशी सात नगरक्षेत्रे. लेबू ही प्रांताची राजधानी. येथील मूळ रहिवासी मापुचे लोकांपैकी ‘लाफकेन्चे’ होत. ‘लाफकेन’ म्हणजे समुद्र किंवा मोठे जलाशय आणि ‘चे’ म्हणजे माणसे. आपल्याकडे दर्यावर्दी म्हणताना त्यात धंदा आधी येतो. येथे मात्र नावातच माणूस आणि पाणी यांचे नाते बांधलेले आहे.

पहिला दिवस लोता या कोळशाच्या गावासाठी होता. जाहिरातीत लोता ‘अराउकोचा खाण वारसा’ म्हणून दिले आहे, तेव्हा हे स्पष्ट केले पाहिजे की लोता अराउकोच्या आखातावर असले तरी प्रशासकीय दृष्ट्या ते शेजारच्या कोन्सेप्सिओन प्रांतात मोडते. या चुकीने प्रवाशाचे काही बिघडत नाही, पण पैसे घेऊन माहिती सांगणाऱ्याने एवढे तरी अचूक सांगावे. याहून मोठी गोष्ट अशी की, ‘प्रत्यक्ष खाणीत उतरणे’ हे या सहलीचे पहिले आकर्षण म्हणून छापलेले होते, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा खाणीचे दर्शन त्या दिवशी बंद असल्याचे कळले. खाण जुनी आहे, तिची देखभाल करावी लागते, ती बंद असू शकते, हे सगळे मान्य. परंतु आदल्या दिवशी एक फोन करून विचारणे हे सहलवाल्याचे काम होते आणि ते त्याने केले नव्हते. विचारल्यावर ‘असे कधीकधी होते’ एवढेच उत्तर मिळाले.

गंमत अशी की, त्या फजितीतूनच सहलीतला सर्वांत चांगला तास आमच्या वाट्याला आला. मार्गदर्शकाने धावपळ करून आपल्या ओळखीच्या एका निवृत्त खाणकामगाराला बोलावले. सत्तरी ओलांडलेले ते गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी आम्हाला खाणीऐवजी खाणकामगारांची वस्ती दाखवली. मातियास कोसिन्यो याने 1852 मध्ये येथे मोठ्या प्रमाणावर कोळसा काढायला सुरुवात केली. ‘चिफ्लोन देल दिआब्लो’, म्हणजे सैतानाचा झोत, या नावाची प्रसिद्ध खाण 1884 मधली, आणि तिचे बोगदे समुद्राच्या तळाखालून गेलेले. कामगारांना राहण्यासाठी कंपनीने लांबलचक लाकडी चाळी बांधल्या, त्यांना ‘पाबेयोन’ म्हणतात. गिरणगावातली चाळ ज्याने पाहिली आहे त्याला त्या नव्याने समजावून सांगाव्या लागणार नाहीत. एकाच खाटेवर दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा येऊन आडवा व्हायचा, खाट थंड होतच नसे, म्हणून तिला ‘गरम खाट’ म्हणत. चाळींमधल्या मोकळ्या जागेत विटांच्या सामाईक भट्ट्या आहेत, आणि बायका पाळीपाळीने तिथे पाव भाजत. आम्ही गेलो तेव्हा एक भट्टी चालू होती. एका बाईंनी लांब दांड्याच्या लाकडी फळीने एक पाव बाहेर काढून खालच्या बाजूला बोटाने टकटक केली, पोकळ आवाज आला तेव्हा समाधानाने मान हलवली आणि तो आमच्या हातात दिला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

त्या गृहस्थांच्या उजव्या दंडावर बोटभर लांबीची निळी रेघ होती. मी तिच्याकडे पाहतो आहे हे पाहून त्यांनी बाही आणखी वर सरकवली. जखमेत कोळशाची धूळ बसून वर कातडी धरली की असा निळा व्रण कायमचा राहतो. माझे काका बल्लारपूरच्या कॉलरीत होते आणि त्यांच्या भुवईवर नेमका हाच रंग होता, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुमच्या खाणीवर समुद्र होता का?” मी म्हटले, नाही, जवळून वर्धा नावाची नदी जाते. “मग तुमचे पाणी गोडे,” असे म्हणून ते हसले, आणि त्यानंतर तासभर बोलत राहिले : छतातून खारे पाणी ठिबकायचे ते, वायूचा स्फोट झाला की बायका खाणीच्या तोंडाशी कशा येऊन उभ्या राहायच्या ते, आणि 1997 च्या एप्रिलमध्ये सरकारी कंपनीने खाण बंद केली तेव्हा चाळिशीतल्या माणसांना केशकर्तन आणि सुतारकामाचे वर्ग कसे सुचवण्यात आले ते. शेवटचे सांगताना त्यांनी आपले जाड पंजे समोर धरले आणि या हातात कात्री कशी दिसेल ते करून दाखवले. मार्गदर्शक तेवढ्यात घड्याळ पाहू लागला होता.

कोसिन्यो घराण्याचे समुद्रकाठचे उद्यान आम्ही अर्ध्या तासात पाहिले. झाडे उत्तम, पुतळे पुष्कळ. 1897 मधले चिविलिंगोचे जलविद्युत केंद्र, जे चिलीतले पहिले आणि याच खाणींना वीज पुरवण्यासाठी बांधलेले, ते मात्र ‘वेळ नाही’ म्हणून वगळले गेले. माझ्यासारख्या अभियंत्याला हे फार लागते.

लोताहून दक्षिणेला 160 क्रमांकाच्या महामार्गाने जाताना दोन्ही बाजूंना जे हिरवेगार रान दिसते ते पाहून पत्नी सुखावली, पण ते रान नव्हे. पाइन आणि निलगिरी यांची ती लागवड आहे. 1974 च्या एका कायद्याने अशा लागवडीला सरकारी अनुदान मिळू लागले आणि डोंगरच्या डोंगर एकाच जातीच्या झाडांनी भरून गेले. खाली गवत नाही, वर पक्षी नाही, आणि मध्येच एखादी टेकडी पूर्ण भादरलेली. आखाताच्या काठाने जाताना कागदाच्या लगद्याच्या कारखान्याचा उग्र वास गाडीत शिरला, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बल्लारपूरकडच्या माणसाला त्या वासाचे नाव सांगावे लागत नाही. ज्या जमिनींवर ही लागवड उभी आहे त्यांतील अनेकांवर मापुचे वस्त्यांचा पूर्वापार हक्क सांगितला जातो, आणि या प्रांतातल्या आजच्या संघर्षाचे मूळ बरेचसे तिथे आहे. मार्गदर्शकाने हा विषय काढला नाही. आम्ही काढल्यावर त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

याच संदर्भात माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे. ऑक्टोबर 2021 पासून या प्रांतात संविधानातील आणीबाणीची स्थिती लागू झाली, ती पुनःपुन्हा वाढवण्यात आली आणि रस्त्यांवर लष्कराची गस्त आली. 27 एप्रिल 2024 रोजी कान्येतेच्या परिसरात तीन पोलीस ठार झाले. त्याआधी, 2022 च्या ऑगस्टमध्ये कोन्तुल्मोची जुनी लाकडी ग्रोल्मुस गिरणी जाळण्यात आली. ही माहिती आम्हाला वर्तमानपत्रांतून होती, सहल संस्थेने मात्र तिचा अवाक्षरानेही उल्लेख केला नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी चालवण्याचा घाट तिने घातला, तो, ज्यांच्या घरी आम्ही त्या रात्री उतरणार होतो त्या यजमानीणबाईंनी फोनवरून मोडून काढला. प्रत्यक्ष प्रवासात आम्हाला कोणतीही भीती वाटावी असे काही घडले नाही आणि माणसे अतिशय अगत्याने वागली. तरीही जाणाऱ्याने प्रवास दिवसाउजेडी करावा, ज्याच्या घरी उतरणार त्याला आदल्या दिवशी रस्त्याची स्थिती विचारावी, आणि ‘सर्व काही शांत आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये.

पहिल्या रात्रीचा मुक्काम लेबूला होता. गाव 1862 मध्ये लष्करी ठाणे म्हणून वसले, कोळशावर वाढले, आणि आता मासेमारीवर जगते. स्पॅनिश साहित्यातला मानाचा सेर्वान्तेस पुरस्कार 2003 मध्ये मिळालेले कवी गोन्सालो रोखास येथलेच, एका खाणकामगाराचे पुत्र. बेनाविदेसची गुहा भव्य आहे. आमच्या मते पाहण्यासारखे मात्र दुसरेच होते. 27 फेब्रुवारी 2010 च्या 8.8 तीव्रतेच्या भूकंपात हा किनारा दोन मीटरच्या आसपास वर उचलला गेला, आणि खडकांवरच्या ज्या समुद्री वनस्पती कायम पाण्याखाली असत त्या उघड्या पडून पांढऱ्या होऊन मेल्या. समुद्राने जमीन खाल्ल्याच्या गोष्टी आपण कोकणात ऐकतो. येथे जमीनच उठून उभी राहिली. उत्तरेकडच्या तुबुल येथे त्यामुळे खाडी उथळ होऊन समुद्रशेवाळाची शेती बुडाली. खानावळीत उकडलेले शिंपले आणि तळलेला मासा उत्तम मिळाला असे मी म्हणू शकतो. पत्नी शाकाहारी असल्याने तिला दोनदा बटाटे आणि एकदा टोमॅटो-कांदा मिळाला, आणि हे आरक्षणाच्या वेळी दोन वेळा लिहून कळवलेले होते.

दुसऱ्या दिवशी कान्येते. याच टापूतल्या तुकापेल येथे 25 डिसेंबर 1553 रोजी स्पॅनिश विजेता पेद्रो दे वाल्दिविया मापुचेंच्या हाती पडून मारला गेला, आणि त्या लढाईचा सेनानी लाउतारो हा काही काळापूर्वी त्याच वाल्दिवियाच्या पदरी घोड्यांची निगा राखणारा मुलगा होता. शत्रूच्या तबेल्यात राहून घोडदळाचे मर्म शिकलेला हा तरुण मराठी वाचकाला लगेच आपलासा वाटेल. पुढे 1641 मध्ये स्पेनला बिओबिओ नदी ही सरहद्द मान्य करावी लागली. या प्रदेशाचा ताबा अखेर घेतला तो स्पेनने नव्हे, तर स्वतंत्र चिलीच्या सैन्याने, 1861 ते 1883 या काळात.

गावाबाहेर, कोन्तुल्मोच्या रस्त्यावर मापुचे संग्रहालय आहे. ते सरकारी असून प्रवेश विनामूल्य आहे. पूर्वी त्याला कान्येतेत जन्मलेल्या एका राष्ट्राध्यक्षांचे नाव होते. परिसरातील मापुचे वस्त्यांशी झालेल्या दीर्घ विचारविनिमयानंतर ते बदलून ‘रूका किमुन ताइन वोलिल’, म्हणजे आपल्या मुळांच्या ज्ञानाचे घर, असे ठेवण्यात आले. मांडणीतही हा बदल जाणवतो. वस्तू ‘अमुक शतकातील अलंकार’ म्हणून काचेत बंद केलेल्या वाटत नाहीत. चांदीचे दागिने, हातमाग, एका ओंडक्यातून कोरलेली होडी, माचीचा, म्हणजे उपचार व विधी करणाऱ्या व्यक्तीचा, ‘कुल्त्रुन’ हा एका बाजूने चामडे ताणलेला डफ, हे सारे कोणाच्या हातात असते आणि का, या क्रमाने येते. आम्हाला येथे पन्नास मिनिटे देण्यात आली. अडीच तास लागतात.

त्यानंतरच्या दोन रात्री ज्या तलावाकाठी काढल्या त्याचे नाव स्पॅनिश लेखनात काहीही असले तरी उच्चारी ते ‘येऊ-येऊ’ असे आहे. बोलावणे आल्यावर मराठी माणूस दारातून जे उत्तर देतो आणि मग जात नाही, तेच हे नाव असल्याने आमची पुष्कळ करमणूक झाली. दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत स्वच्छ तलावांमध्ये त्याची गणना होते आणि काठी लाफकेन्चे वस्त्या आहेत. आमचा मुक्काम अशाच एका कुटुंबाने बांधलेल्या दोन लाकडी खोल्यांमध्ये होता, आणि अंगणात त्यांची ‘रूका’ होती : गवताने शाकारलेले, खिडक्या नसलेले मोठे घर, पूर्वेकडे दार, मध्यभागी जमिनीवर चूल. धुराने आतले वासे तुळतुळीत काळे झालेले होते. चुलीवरच्या आडव्या काठीला लाल मिरच्या टांगलेल्या होत्या. त्या धुरावर वाळल्या की भाजलेल्या धण्यांबरोबर आणि मिठाबरोबर कुटून जे तिखट होते त्याला ‘मेर्केन’ म्हणतात. यजमानीणबाईंनी ते चिमूटभर तळहातावर दिले. पत्नीने जिभेवर ठेवले आणि सासूबाईंच्या डब्यातल्या कांडलेल्या मसाल्याची आठवण काढून ती गप्प झाली.

येथे तिच्या जेवणाची आबाळ संपली. उकडलेल्या गव्हाच्या पिठाच्या वड्या, घेवड्याची उसळ म्हणता येईल असा पदार्थ, मध, आणि सकाळी भाजलेल्या गव्हाचे पीठ पाण्यात कालवून. या पिठाला मापुचेंच्या मापुदुंगुन भाषेत ‘म्युर्के’ म्हणतात, आणि ते सातूच्या पिठाहून वेगळे नाही. बाईंनी चरबी घातलेले काय आणि न घातलेले काय हे न विचारताच वेगवेगळे वाढले. त्या पत्नीला पहिल्याच दिवशी ‘लामंगेन’ म्हणू लागल्या, म्हणजे बहीण. पुरुष पुरुषाला ‘पेन्यी’ म्हणतो, भाऊ; त्यांच्या यजमानांनी मला तसे म्हणायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली, ती मी लाकडे फोडायला मदत केल्यावर.

तिसऱ्या दिवशी तिरुआहून छोट्या विमानाने मोचा बेटावर जायचे होते. मेलेल्यांचे आत्मे देवमाशांच्या पाठीवरून पश्चिमेकडे जातात आणि त्यांचा मुक्काम या बेटावर असतो, अशी लाफकेन्चेंची श्रद्धा सांगितली जाते. धुक्यामुळे विमान उडाले नाही. यात कोणाचा दोष नाही, पैसे तत्परतेने परत मिळाले, हेही नोंदवतो. रिकामा झालेला दिवस संस्थेने ‘पारंपरिक नृत्य आणि छायाचित्रे’ असा भरून काढला, आणि तो चार दिवसांतला सर्वांत ओशाळवाणा प्रसंग ठरला. दोन शाळकरी मुली भर दुपारी चांदीचे दागिने घालून उभ्या केल्या होत्या, आणि त्यांना आमच्याइतकेच अवघडल्यासारखे झाले होते. आम्ही वीस मिनिटांत निघालो. परत येऊन बाईंच्या मागाशेजारी बसलो. ‘वित्राल’ हा उभा माग असतो. त्या एका पट्ट्याची पायरीपायरीची नक्षी विणत होत्या. धागे मोजताना त्या ओठ हलवत, आणि मध्ये कोणी बोलले तर उत्तर न देता एक बोट वर करत. नक्षीचा अर्थ विचारल्यावर त्यांनी आधी पत्नीला तिच्या साडीच्या काठाचा अर्थ विचारला. तिला रुईफुलाच्या पुढे काही सांगता येईना, तेव्हा दोघी हसल्या आणि पुढचा तास साड्यांच्या फोटोंत गेला. त्यांनी विणलेला पट्टा आम्ही त्यांच्याकडूनच घेतला. तशाच पट्ट्याला सहल संस्थेच्या दुकानात जवळपास दुप्पट भाव होता.

चौथ्या दिवशीचे कोन्तुल्मो हे 1884 मध्ये आलेल्या जर्मन वसाहतकारांचे गाव. लाकडी घरे, लानाल्वे तलाव, केक. गाव सुरेख आहे यात शंका नाही. पण आम्ही थांबलो ते रस्त्याकडेला टोपलीत मिळालेल्या पांढऱ्या स्ट्रॉबेरीपाशी. नावेल्बुताच्या उतारांवर मापुचे लोक हे फळ स्पॅनिश येण्याच्या फार आधीपासून लावत आले आहेत. 1714 मध्ये फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने कोन्सेप्सिओनच्या परिसरातून त्याची काही रोपे युरोपात नेली, तिथे उत्तर अमेरिकेतील दुसऱ्या जातीशी त्यांचा संकर झाला, आणि आजची लाल स्ट्रॉबेरी जन्मली. म्हणजे महाबळेश्वरला वाटीत क्रीमबरोबर मिळते तिचे आजोळ येथे आहे. मूळ फळ फिकट गुलाबीसर पांढरे, बिया तांबड्या, गंध अननसाकडे झुकणारा, आणि इतके नाजूक की टोपलीच्या तळाची फळे कोन्सेप्सिओनला पोहोचेपर्यंत पाणी झाली होती. विकणाऱ्या आजींनी ‘आत्ताच खा, नेऊ नका’ असे दोनदा बजावले होते.

पुन्हा जायचे झाल्यास आम्ही संस्थेमार्फत जाणार नाही. कोन्सेप्सिओनहून कान्येतेला थेट बस जाते आणि यजमानीणबाई गावच्या थांब्यावरून न्यायला येतात, हे त्यांनीच निघताना सांगितले. स्पॅनिश मुळीच येत नसेल तर मात्र मार्गदर्शक लागेल, आणि अशा प्रवाशाने आरक्षणापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : खाणीचे दर्शन त्या तारखेला चालू आहे याची खात्री, संग्रहालयासाठी किमान दोन तास, आणि अंधारात प्रवास नाही. नृत्य कार्यक्रमातून काढून टाकायला सांगावे. पाच तारे असतील तर सहलीला अडीच. लोताच्या त्या गृहस्थांना आणि येऊ-येऊच्या काठच्या घराला पाचपैकी पाच. त्या गृहस्थांना संस्थेने आमच्यासमोर दिलेले मानधन मी पाहिले, म्हणून सुचवतो की निघताना त्यांच्या हातात वेगळे काही ठेवावे. आम्ही ठेवले तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटले, मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवले आणि खिशाचे बटण लावले.